नातवाचं नाव लांडगा

माझ्या नातवाचं नाव लांडगा आहे. कागदोपत्री ते वूक असं लिहिलंय, पण वूक म्हणजे त्यांच्या सर्बियात लांडगाच. कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, लांडगा. समोरचा हसला तर हसू देतो. या नावाला पहिला हसलेला माणूस मीच आहे, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

मी पुण्याचा. चौथी शिकलो, टेम्पो चालवला, मुलीला इंजिनियर केलं. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, एकटे काय करताय तिकडे, इकडे या. इकडे म्हणजे टोकियोत, निशी-कसाईला. इथं आपली माणसं भरपूर. दुकानात जोंधळ्याचं पीठ मिळतं, बागेत बाकावर बसलं की कुणीतरी मराठीत भांडताना ऐकू येतं. जावई मात्र आपल्यातला नाही. तो सर्बियाचा, मुलीच्याच ऑफिसात होता. लग्नाला मी आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर मागं फिरायचं नाही, हा आपला स्वभाव. जावई गुणाचा आहे. थोडं मराठी बोलतो, मला बाबा म्हणतो, भाकरी हातानं मोडून खातो. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. माझी तक्रार त्याच्या बापाबद्दल.

मुलीचे दिवस भरत आले तेव्हा हा व्याही सर्बियाहून आला. उंच, माझ्यापेक्षा हातभर तरी. वय माझ्याएवढंच, पण डोक्यावर पांढरे केस दाट. माझे कधीच गेले. आयुष्यभर काय केलं म्हणून विचारलं तर बस चालवली म्हणाला. मी टेम्पो, तो बस. म्हणजे तिथंही तोच मोठा. घर लहान असल्यामुळे आम्हा दोघांना एकाच खोलीत गाद्या घालून दिल्या होत्या. घोरण्यातसुद्धा त्यानं मला मागं टाकलं.

तो मला हाक मारायचा ‘प्रियातेल्यु’. जावयाला विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, “बाबा, आमच्यात व्याह्याला तोच शब्द आहे. त्याचा अर्थ मित्र.” मी म्हटलं, आमच्यात व्याही म्हणजे व्याही. मानपान करायचा, रुसायचं, चार हात लांब राहायचं. मित्र कशाला? हे त्यानं बापाला सांगितलं की नाही माहीत नाही. हाक चालूच राहिली.

बाळ झालं ती सकाळ. जावई हॉस्पिटलात होता, घरी आम्ही दोघं म्हातारे. जावयाचा फोन आला, मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी देवापुढे निरांजन लावायला वळलो. तेवढ्यात या गृहस्थानं बाल्कनीचं दार सरकवलं आणि नुसत्या बनियनवर उभं राहून जी आरोळी ठोकली! समोरच्या इमारतीत एक बाई गादी वाळत घालत होती, तिच्या हातातली गादी तशीच राहिली. खाली सायकलवरून चाललेल्या माणसानं पाय टेकले. निशी-कसाईत कुणी टीव्हीचा आवाजसुद्धा वाढवत नाही, आणि हा सगळ्या एदोगावा वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडतोय.

संध्याकाळी जावयाला विचारलं तुझा बाप काय ओरडला. तो लाजला. म्हणाला, “जुनी पद्धत आहे बाबा. मुलगा झाला की ओरडून सांगतात. लांडगीनं लांडगा जन्माला घातलाय, जगाला कळू दे, पोराला आयुष्य मिळू दे.”

“लांडगी कोण?”

त्यानं बापाकडे बघितलं.

“माझी मुलगी लांडगी?”

“चांगल्या अर्थानं, बाबा. म्हणजे मजबूत आई.”

माझ्या मुलीला आजवर कुणी गाय म्हणालं असतं तरी मी त्याला सोडलं नसतं. पण व्याही हसत हसत माझ्या खांद्यावर हात टाकून उभा. त्याच्या हाताच्या वजनानं मी वाकलो होतो, भांडणार कसा?

मग कळलं की ती नुसती आरोळी नव्हती. नावच ठरलं होतं. वूक.

आता माझं म्हणणं सांगतो. मी नातवासाठी एक नाव मनात धरून होतो. राजाचं नाव. ते इथं लिहीत नाही, कारण ज्याला मिळालं नाही त्याच्या नावानं ते उष्टं कशाला करा. पण बरेच दिवस धरून होतो. बागेत बाकावर बसून मनातल्या मनात हाक मारून बघितली होती. लांब पल्ल्याची हाक होती ती, अशी की मैदानाच्या त्या टोकाचं पोर वळून बघेल. आणि तिथं आता लांडगा येऊन बसला.

आपल्या रीतीनं मुलीचा मुलगा हा तिकडच्या घराचा, नाव ठेवायचा मान तिकडचा. हे मला ठाऊक होतं. हीच रीत मी माझ्या मेव्हण्यांना चारचौघांत ऐकवली होती. म्हणून उघड बोलता येईना, आणि पोटात जळत होतं. इथं वॉर्ड ऑफिसात पंधरवड्याच्या आत बाळाचं नाव द्यावं लागतं. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे माझ्याकडे दिवस थोडेच होते.

घरातला केर टाकायचं काम माझं. इथं त्याचं मोठं शास्त्र आहे. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, डबे-बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. मी ते कुणाला बघू देत नाही, सगळं स्वतः करतो. तिथं खालच्या मजल्यावरची एक जपानी आजी भेटायची. तिला बाळाचं नाव मुलीनं सांगितलं होतं, पण तिच्या जिभेला वूक जमेना. “बुकु-चान, बुकु-चान,” म्हणत ती टाळ्या वाजवायची. मुलगी म्हणाली, जपानीत बुकुबुकु म्हणजे सुजल्यासारखं जाडं. मला काय आनंद झाला! वर येऊन मी व्याह्याला ऐकू जाईल असं म्हटलं, “बघा, तुमच्या लांडग्याचा इथं भोपळा झाला.” जावयानं भाषांतर केलं. व्याही पोट धरून हसला आणि दिवसभर बाळाला बुकु-बुकु करत फिरला. माझा आनंद तिथंच संपला.

बागेतही तेच. पुण्याचा एक तरुण बाप मला लांबून बघून ओरडला, “काका, लांडगा आला रे आला!” मी म्हटलं, “तुझ्या पोराचं नाव तरी तुझ्या आईला उच्चारता येतं का?” तो पोराला घेऊन घसरगुंडीकडे गेला. परक्यापुढे मी लांडग्याची बाजू घेतली, कारण पोर माझं. घरात आलो की परत लांडग्याच्या विरुद्ध.

मुलीनं माझा चेहरा वाचला होता. एकदा बाळाला पाजून झाल्यावर म्हणाली, “बाबा, परका शब्द नाहीये हो तो. आपल्याकडे वृक म्हणजे लांडगा. भीमाला वृकोदर म्हणतात ना? तोच शब्द. हजारो वर्षांपूर्वी एकच होता.”

मला हे एकदम पटलं. म्हणजे नाव मुळात आमचं! मी तडक व्याह्यासमोर जाऊन बसलो, मुलीला म्हटलं, सांग त्यांना, हा शब्द आमच्या पोथीत आहे, भीमाच्या नावात आहे. तिनं जावयाला सांगितलं, जावयानं बापाला. बापानं मान डोलावली, विचार केला, आणि एक प्रश्न विचारला. तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला.

“विचारतायत, तुमच्याकडे आता किती मुलांचं नाव वृक आहे?”

“एकाचंही नाही,” मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही.

व्याह्यानं बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. वूक. वूकान. वुकाशिन. लाडाचं वुचको. अर्ध्या गावाची आडनावं लांडग्यावरून. शेजारी वूक, चुलता वूक, शाळेत एका वर्गात तीन वूक, मास्तरांनी हाक मारली की तिघं उभे राहायचे. शेवटी हात पसरून काहीतरी बोलला.

“म्हणतायत,” जावई चाचरत म्हणाला, “तुमचा होता तर आम्ही नीट सांभाळला.”

मी उठून आत गेलो.

बारशाच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती, बाळ मुलीच्या मांडीवर. व्याह्यानं घरून आणलेली भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी ताटात उरली होती. मिरच्यांची, आणि तिखट अजिबात नाही. तेही माझ्या मनात होतंच. मी म्हटलं, आता शेवटचं विचारतो, हेच नाव का? दुनियेत बाकीची नावं मेली का?

जावयानं ते बापाला सांगितलं. या वेळी व्याही हसला नाही. त्यानं पेला खाली ठेवला. तो थोडं थोडं बोलायचा आणि थांबायचा, जावई मागून सांगत जायचा.

त्याच्या आजोबांचं नाव वूक. आजोबांच्या आधी त्या घरात मुलं जन्मली ती जगली नाहीत. त्यांच्याकडे म्हणायचे, चेटकिणी येतात आणि तान्ह्या मुलांना आतून खातात. पण लांडग्याला चेटकीण हात लावत नाही. म्हणून ज्या घरात मुलं जगत नाहीत त्या घरातल्या मुलाचं नाव वूक ठेवायचं. चेटकीण दाराशी येते, नाव ऐकते, परत जाते. आजोबा जगले, म्हणून त्याचा बाप झाला, म्हणून तो, म्हणून जावई, म्हणून हे.

त्यानं बाळाकडे बोट केलं.

मुलीचे डोळे भरले होते. “माझी दोन गेली ना बाबा,” ती म्हणाली. “तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हाच मी ह्याला म्हटलं, मुलगा झाला तर हेच ठेवायचं. किती सुंदर पद्धत आहे ना? आपल्यात असं काहीच नाही.”

आपल्यात असं काहीच नाही! इतके दिवस जे पोटात होतं ते सगळं तोंडात आलं.

“आहे!” मी ओरडलो. बाळ दचकलं. “आपल्यात नाही कसं? दगडू कोण? धोंडू कोण? भिकू, केरू, केरबा, ही नावं काय हौसेनं ठेवतात?”

“ती जुनी गावाकडची नावं, बाबा.”

“पोरं मरतात त्या घरातली नावं! मुलाला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवायचं. शेजारणीनं उचलायचं. आईनं मूठभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे ते आपलं नाहीच, केरात सापडलेलं. मग त्याला कोण कशाला नेईल? असं ठेवतात नाव. आणि तुला कसं माहीत नाही? तुझ्या बापाचं तेच आहे.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला माझं जे नाव माहीत होतं ते शाळेतल्या मास्तरांनी हजेरीत लावलेलं. त्यांना माझं खरं नाव बरं वाटलं नाही. पुढं लायसनवर, पासपोर्टवर तेच चांगलं नाव चढलं. केरावरून पडलेल्या नावानं आई हाक मारायची, भाऊबंद मारायचे, आणि एकांतात चिडवायला बायको. त्यातलं एकही माणूस आता नाही. ते नेमकं कसं होतं तेही मी इथं लिहिणार नाही, केरावरून होतं एवढं पुरे.

जावई विचारत होता काय झालं, काय झालं. मुलीला शब्द सुचेना. शेवटी केराला जपानीत म्हणतात तेच म्हणाली, “केर... गोमी.”

“गोमी?” जावयाला हसू आलं. “बाबांचं नाव गोमी-सान?”

मुलगीपण हसली. रडता रडता हसू आलं तिला, मी समजू शकतो. रोज सकाळी गोमीच्या पिशव्या वर्गवारी करून खाली नेणारा बाप, त्याचं नाव गोमी. कुणालाही हसू येईल. पण मला तेव्हा वाटलं उठावं आणि पुण्याला निघून जावं. त्यांच्या पोरांना मरणापासून वाचवायला लांडगा, आणि आमच्या पोरांना वाचवायला उकिरडा. त्यांनी मरणाला दात दाखवले. आम्ही त्याच्यापुढं इतके स्वस्त झालो की त्यानं उचलूसुद्धा नये. युक्ती एकच, मग त्यांच्या वाट्याला रानातला लांडगा आणि माझ्या वाट्याला केर का?

व्याह्यानं जावयाला गप्प केलं. सगळं नीट विचारून घेतलं. मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलला.

“विचारतायत,” मुलगी डोळे पुसत म्हणाली, “तुमच्या आधीची किती गेली?”

“सगळी,” मी म्हटलं.

याला भाषांतर लागलं नाही. त्यानं स्वतःचा भरलेला पेला माझ्यासमोर सरकवला. घरची प्लमची दारू. मी पीत नाही. त्या दिवशी प्यालो. तो हसला असता तर मी जन्मभर त्याचा द्वेष केला असता, आणि सुखानं केला असता. तेवढंही त्यानं मला मिळू दिलं नाही.

पण मी तसा हार मानणारा नाही. पेला खाली ठेवला आणि म्हटलं, “सांग त्यांना. लांडग्याची शिकार होते. लोक बंदुका घेऊन मागं लागतात. केराला कुणी गोळी घातलेली ऐकलीय?”

जावयानं सांगितलं. व्याही टेबलावर थाप मारून मोठ्यानं हसला.

“म्हणतायत, तुमचं नाव जास्त हुशार आहे.”

“मग बाबा,” मुलगी एकदम म्हणाली, “तुमचंच ठेवायचं का?”

“वेडी आहेस का? शाळेत पोरं काय म्हणतील त्याला?”

“आणि लांडगा म्हटलं तर?”

“लांडग्याला कोण काय म्हणणार?”

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. मुलीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि आत गेली. राजाचं नाव माझ्याच तोंडानं मी घालवलं.

बारशाला पाळणा नव्हता. भाड्याच्या घरात छताला आकडा ठोकता येत नाही. म्हणून बायकोच्या नऊवारीची झोळी करून एक टोक मी धरलं, एक व्याह्यानं. तो उंच असल्यामुळे बाळ सारखं माझ्याकडे घसरायचं. मला ते बरं वाटत होतं. घुगऱ्या मी केल्या होत्या. शेजारच्या दोन मराठी बाया आल्या होत्या, त्यांनी पाळणा म्हटला. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, पण आत्या सर्बियात, तिला रजा मिळाली नव्हती.

“आजोबा, आज आत्याबाई तुम्हीच!” एक बाई म्हणाली. “पदर घ्या डोक्यावर!”

मुलीनंही मान डोलावली. “सांगा बाबा.”

मी टोक जावयाच्या हातात दिलं आणि झोळीवर वाकलो. आत्या कानात कुर्रर्र करायला लागली की बाकीच्यांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत बायांनी व्याह्याला खुणेनं समजावली. समजावायला नको होती. एका हातात झोळी, दुसरा मोकळा, बस चालवलेला हात. पहिल्या बुक्क्यालाच माझा श्वास अडकला.

कुर्रर्र केलं. वूक म्हटलं. बारशाला एकाच वेळी दोन-तीन नावं सांगायची पद्धत आपल्यात आहेच, त्यामुळे दुसरं नाव सांगायला मला कुणाची परवानगी नको होती. राजाचं नाव ओठावर होतं. मी खरंच तेच सांगणार होतो. पण त्या कानाजवळ तोंड नेलं, तिथं दुधाचा वास होता, आणि कान एवढासा, अजून नीट उलगडलेलाही नव्हता. माझ्या तोंडून माझंच नाव निघालं. केराचं. लांडगा दारात उभा राहील तो राहो, मागच्या दारानं कुणी आलं तर हे असू दे, असं काहीतरी मनात आलं. आणि खरं सांगायचं तर हेही मनात आलं की व्याह्याचं आहे तर माझंही का नाही.

“दोन नावं सांगितली बाबांनी!” मुलगी म्हणाली. झोळीच्या अगदी जवळ होती, तिला ऐकू गेलं. “ऐकलं मी.”

“मग?”

“मग काय. राहू दे.”

वॉर्ड ऑफिसात वूक गेलं. ते ठरल्याप्रमाणे झालं. दुसरं नाव माझ्या आणि बाळाच्या कानात राहील अशी माझी समजूत होती. पण मुलीच्या पोटात काही राहत नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं बापाला.

चार दिवसांनी सकाळी मी केर टाकून वर आलो, तर हा माणूस बाळाला छातीशी धरून खिडकीपाशी उभा, आणि हाका मारतोय. वूक नाही, वुचको नाही. माझं नाव. जिभेला वेडंवाकडं वळण देत, मधलं अक्षर चुकवत, पण माझंच. बाळ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

लांडगा त्याचा होताच. आता केरही घेऊन गेला. आणि माझी काय दशा? कानात सांगितलं होतं तेवढंच. बायको गेल्यापासून ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. लाज वाटायची म्हणा, सवय गेली म्हणा. आणि हा परका माणूस चुकीचं म्हणतोय, बिनधास्त म्हणतोय, आणि माझा नातू ऐकून घेतोय.

“असं नाही,” मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मी जवळ गेलो आणि खणखणीत आवाजात नीट म्हणून दाखवलं. माझी आई दारात उभी राहून म्हणायची तसं, शेवटचं अक्षर लांबवून. व्याह्यानं परत म्हटलं, परत चुकला. मी परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. तो म्हणाला, मी म्हटलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं. आम्ही थांबलो नाही.

माझ्या तिसऱ्या हाकेला पोर माझ्याकडे वळलं. मुलगी म्हणते, पंख्याकडे वळलं. व्याह्याला विचारलं तर तो खांदे उडवतो.